ढेकीवरची पोर

मी मूर्ख होते, हे आधीच सांगून टाकते. पंधराव्या वर्षी मी शेजारच्या पोरीच्या दुखऱ्या गुडघ्याला भिलाव्याचं, म्हणजे बिब्ब्याचं, तेल लावलं. नवी सून होते. माहेरी शेजारी एक म्हातारा वैद्य राहायचा, म्हणून वैद्यकी मलाही येते अशी माझी समजूत!

ती पोर बारा-तेराची. ढेकीवर धान कांडायला तिच्याइतकं चपळ गावात कुणी नव्हतं. पायानं ढेकीचं शेपूट दाबायचं, पुढचं मुसळ उचललं की सोडायचं. सकाळभर तेच, आणि उजव्याच पायानं. तिथून सुटली की मोहफुलं वेचायला धावायची, चिंचेवर चढायची. त्या वर्षी ती सरसर वाढली. वाढत्या वयाची अशी एक जागी न ठरणारी पोर तुम्हीही पाहिली असेल. फक्त उकिडवी बसून उठताना ती गुडघ्याच्या वाटीवर तळवा दाबून धरायची आणि म्हणायची, "थांब ना वयनी, वाटी दुखून राहिली."

"म्हातारी झालीस का गं?"

"तूच म्हातारी! तुले ढेकी तरी दाबता येते का?"

येत नव्हती. माझ्या वाटचं धानही तीच कांडायची. मी ओसरीवर बसून शहाणपण कांडायची.

पाय पसरून बसली की दुखणं कमी व्हायचं, हे तिच्या आईला दिसत होतं. पण कामाच्या पोरीला बसवणार कोण? त्यात पलीकडच्या गावचे लोक तिला पाहायला येणार होते. मुलगा तिच्याच जोडीचा. त्यांच्या अंगणातून आमच्या चुलींचा धूर दिसायचा. "एवढं जुळलं तं पोरगी हाकेवर राहील," आई सारखी म्हणायची.

मग मी सरसावले. भिलावा दिव्यावर धरला आणि निघालेलं काळं तेल तिच्या वाटीभोवती गोल फिरवलं.

"वयनी, तुले खरंच येते ना?"

"मग काय! उद्या हरणासारखी पळशील."

भिलावा उतला. सकाळी गुडघा फोडांनी भरला, सूज मांडीपर्यंत. पाहुण्यांसमोर ती भिंत धरून आली. त्यांच्यातली एक म्हातारी नुसती तिच्या पायाकडे पाहत राहिली. भिलावा उतला, असं आईनं सांगितलं.

"पण लावला कायले? आधीच काही असंल ना," म्हातारी म्हणाली.

पानसुपारीला हात न लावता ते उठले. पोर लंगडी आहे, ही बातमी त्यांच्याआधी शिवार ओलांडून गेली.

पुढच्या उन्हाळ्यात तिला एका बिजवराला दिली. गोंदियाहून छोट्या गाडीनं बालाघाटच्याही पुढे, जंगलातलं गाव. तिच्या पाठवणीला मी चुलीपुढून हललेच नाही. शेवटी तीच आत आली.

"आता तुह्यं धान तुलेच कांडा लागते," म्हणाली. हसायला गेली, पण जमलं नाही.

ती परत आली नाही. बाळंतपणही तिकडेच झालं. त्या गावची एक बाई इकडे एका लग्नाला आली तेव्हा खुशाली कळली, असं ऐकून मी तिच्या आईकडे गेले. काकी तांदूळ पाखडत होती. विचारू की नको, असं करत मी गुडघ्याचं विचारलं.

सूप थांबलं नाही. वर न बघता काकी म्हणाली, "वाढ सरली आन् दुखणं आपोआपच गेलं म्हणे, बाई. पोराच्या मागं धावून राहिली. मले तं पाहाले नाही भेटलं."