ही कसुरी मेथी नाही

मेधाच्या धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी स्टॅनमोर स्टेशनच्या कार पार्कमध्ये किल्ली शोधत होते. "ताई, मेधाताई गेली," एवढंच म्हणाला. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "नीट बघितलंस ना?"... बिचाऱ्याला काय वाटलं असेल! पाच आठवडे झाले, आठवलं की अजून लाज वाटते. पण तो प्रश्न मला मेधानेच शिकवला होता.

पुण्याहून आम्ही दोघी मैत्रिणी एकाच वर्षी इकडे इंग्लंडला आलो. मी बँकेत चिकटले, ती साउथहॅम्प्टनच्या लॅबमध्ये डबकी बघत बसली. हो, डबकीच! पार उत्तरेला, आर्क्टिकमध्ये, उन्हाळ्यात बर्फ वितळून घोट्याएवढं पाणी साचतं. त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव हा बाईसाहेबांचा विषय. "आणि डबकं तळापर्यंत गोठलं, सुकलं, की ते जातात कुठे?" मी एकदा विचारलं. "जातील कुठे? थांबतात." तळावरची शेवाळाची साय वाळवून ती कागदाच्या पुड्यांत ठेवायची. कित्येक वर्षांनी त्यावर पाणी सोडलं, तरी दोन-चार दिवसांत एखादं आठ पायांचं पाणअस्वल (हे तिने ठेवलेलं नाव) डुलत डुलत चालायला लागायचं. मला मायक्रोस्कोपखाली दाखवताना ती लहान पोरीसारखी टाळ्या पिटायची. तिचा नियम एकच. पाणी घालून चार दिवस बघितल्याशिवाय कुणाला मेलं म्हणायचं नाही.

एकदा ती आमच्याकडे मुक्कामाला होती आणि तिची एक पुडी ओट्यावर राहिली. हिरवट, चुरचुरीत, हुबेहूब कसुरी मेथी! मी पनीरच्या भाजीवर चुरडणार, तेवढ्यात ती किंचाळली, "अगं बये, तो माझा अख्खा उन्हाळा आहे!" तेव्हापासून प्रत्येक पुडीवर ती ठसठशीत मराठीत लिहायची, 'ही कसुरी मेथी नाही'. लॅबमधल्या एका गोऱ्याने ते शास्त्रीय नाव समजून वहीत उतरवून घेतलं होतं म्हणे.

मागच्या वर्षी केमो चालू असताना तिने पुन्हा उत्तरेला जायचा घाट घातला. मी भडकलेच. "बास झालं मेधा, आता त्या डबक्यांवर पाणी सोड!" ती खो खो हसत सुटली. "अगं, जन्मभर तेच तर करतेय!"... पण माझं ऐकून तिकीट कॅन्सल केलं. तो उन्हाळा तिने खिडकीशी बसून काढला, आणि पुढचा तिला मिळालाच नाही. डॉक्टर म्हणाले, तुमचं बरोबर होतं. असेल. पण तिचा शेवटचा उन्हाळा मी हिरावून घेतला, हे काही केल्या मनातून जात नाही.

गेल्या आठवड्यात तिचा भाऊ तिचा जुना मायक्रोस्कोप घेऊन आला. सोबत एक पुडी. वर तेच वाक्य, आणि खाली थरथरत्या अक्षरात, 'पाणी तू सोड'. मी फ्रीजवर डोकं टेकून रडले. मग रविवारी सकाळी बशीत चिमूटभर साय घेतली, थंड पाण्याचे थेंब सोडले, आणि तेव्हापासून ऑफिसला जाताना, आल्यावर, डोळा लावून बसते. हिरवे धागे फुगलेत, वाळूचे कण दिसतात. हलत काहीच नाही.

आज संध्याकाळी नवरा मागे येऊन हळूच म्हणाला, "सोड गं आता. मेलं असेल ते."

मी खेकसलेच त्याच्यावर. "आज कुठे तिसरा दिवस आहे!"