पूजलेलं मशीन

माझा होकार आल्याशिवाय धाकटी बहीण गडहिंग्लज सोडणार नव्हती. नवरा रोज तिचा फोन तपासायचा. कुणाला लावला, कुणाशी काय बोलली, सगळं. कधी हातही उचलायचा. म्हणून मी कोल्हापुरात आमच्या घरी एका जुन्या कॉम्प्युटरवर स्वतःचा चॅट सर्व्हर उभा केला. कागलच्या मित्रानं त्याच्या घरी दुसरा केला. तिचं खातं त्याच्याकडं, माझं माझ्याकडं, आणि दोन्ही मशीन एकमेकांना निरोप पोचवायची. मधे कुठली कंपनी नाही. एक बंद पडलं तर निरोप दुसऱ्याकडं थांबून राहायचा. तिच्या फोनवर ते ॲप कॅल्क्युलेटरच्या चित्रामागं लपवलं होतं. आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

खंडेनवमीला नवरा ट्रॅक्टरच्या पूजेला शेतावरच्या वस्तीवर जाणार, तेव्हाच ती निघणार, असं ठरलं होतं. मी झेंडू आणायला बाजारात गेलो, पण लक्ष सगळं फोनकडं. तो गप्प. घरी येऊन आधी आतल्या खोलीत गेलो, तर मशीन बंद! लख्ख पुसलेलं, हळदकुंकू लावलेलं, वर फूल. शेजारी विळी, कोयता आणि माझा स्क्रूड्रायव्हर.

माझं डोकंच फिरलं. "आई, हे कुणी बंद केलं?"

"मीच की. तुझं हत्यार ह्येच न्हवं? पूजलेलं हत्यार आज चालवायचं नसतंय."

मी बटणाकडं हात नेला, तर तिनं मनगट धरलं. "उद्या सोनं लुटल्यावर लाव."

मग मी सगळं सांगितलं, खरं तर ओरडलोच. वाटलं, आता ही रडणार, मलाच बोल लावणार. तिनं वाकून फूल उचललं, देव्हाऱ्यात ठेवलं आणि बटण स्वतः दाबलं.

त्या मशीनला सुरू व्हायला कायम वेळ लागतो. त्या दिवशी मला ते फोडावंसं वाटलं. नवरा परत आला असेल, तिला हुडकत स्टँडवर गेला असेल. आई माझ्या मागं उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. मग कागलला थांबलेले निरोप एकामागून एक येऊन पडले.

"दादा, तो गेलाय. येऊ का?"

"दादा?"

"स्टँडवर हाय. गाडी लागलीया. तू हो म्हण, न्हायतर माघारी जातो."

"आईला सांगू नको. सणाला तिच्या जिवाला घोर नको."

मी 'ये' लिहिलं.

"एवढंच?" आई मागून म्हणाली. "लिव, आई कोल्हापूरच्या स्टँडवर येऊन उभी ऱ्हातीया."

तेही लिहिलं. उत्तर येईना. आईनं चपला घातल्या आणि दारातच थांबली. मी कधी देवाला नवस केला नव्हता, तेव्हा केला.

"गाडीत बसलो," बहिणीनं लिहिलं.

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. गडहिंग्लजची गाडी पोचायला अजून बराच अवकाश होता, पण आई केव्हाच रिक्षा बघायला रस्त्यावर गेली होती.