अडकलेलं मॅगझिन

आमचे हे गेले दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, आणि कपाटात पिस्तूल ठेवून गेले. मालेगावजवळ हायवेवरच्या पेट्रोल पंपाचे मॅनेजर होते, रोकड बँकेत न्यावी लागायची म्हणून परवाना काढलेला. चौदा वर्षांत एक गोळी झाडली नाही. माझ्या डोक्याला ताप मात्र गेल्यावरही दिलाच.

तेरावा झाल्यावर मी पोलीस ठाण्यात विचारायला गेले. साहेब म्हणाले, "माणूस गेला की परवाना संपला. आता ते घरात ठेवणं हा गुन्हा. लगेच जमा करा." जन्मभर शाळेत पोरांना शिस्त लावली, आणि या वयात मी गुन्हेगार! दुसऱ्या दिवशी भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीखाली घालून नेलं, तर साहेब ओरडले, "असं पिशवीतून आणतात का?" मग काय, टपालानं पाठवू?

खरी गंमत पुढंच होती. मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची ती लोखंडी डबी, बाहेर काढून रिकामी दाखवायची, असा नियम. ती काही केल्या निघेना. "आत गोळी असली तर? असं आम्ही घेत नाही. दुरुस्त करून आणा." अहो, गोळ्या वेगळ्या खोक्यात आहेत, हे बघा, म्हटलं. छे! ऐकतील तर शपथ.

बंदुका दुरुस्त करणाऱ्यानं तर हातच लावला नाही. "चालू परवाना दाखवा, नाहीतर परवानगीचं पत्र. मॅगझिन हा शस्त्राचाच भाग आहे बाई, उगाच मी आत जायचो." परवान्याच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, "दुरुस्तीचं पत्र परवानाधारकालाच मिळतं. त्यांनाच अर्ज करायला सांगा." मी म्हटलं, "सांगते हो, वर गेले की." त्यात परवाना मालेगावचा आणि घर पंचवटीत, म्हणून फाइल कुणाची हेही ठरेना. मुळात अडकलेलं मॅगझिन काढणं ही दुरुस्ती की नाही, हे एकालाही सांगता येत नव्हतं. आणि पिस्तूल माझ्या साड्यांमागं. दारावरची बेल वाजली की आधी कपाटाला कुलूप घालायची, मग दार उघडायची.

सगळा राग मी ह्यांच्या फोटोवर काढायची. दर दसऱ्याला मी पाटावर पिस्तूल आणि शेजारी मॅगझिन मांडून हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल वाहायची, आणि संध्याकाळी मॅगझिन परत आत ढकलून कपाटात ठेवायची. पुढच्या रविवारी हे दार लावून तासभर त्या पिस्तुलाशी काहीतरी करत बसायचे. "म्हातारपणी खेळणं मिळालंय," असं मी सगळ्यांसमोर म्हणायची. एवढं खेळलात, तर धड नीट ठेवायला काय झालं होतं?

महिनाभरानं पिशवी घेऊन पुन्हा ठाण्यात गेले, तर एक निवृत्तीला आलेले हवालदार भेटले. पूर्वी शस्त्रागारात होते. माझी रडकथा ऐकून म्हणाले, "अडकलेलं सोडवणं म्हणजे दुरुस्ती कुठली, बाई? आणा इकडं." साहेबांकडं न बघता त्यांनी काहीतरी हलवलं, हलकेच ठोकलं, आणि मॅगझिन निघालं. गोळी एकही नव्हती. टेबलावर पडले तीन लाल तांदूळ आणि झेंडूची वाळकी पाकळी.

माझ्याच अक्षता! मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चौदा वर्षं पूजा केलीय मी," कशीबशी म्हटलं, "आत पसाभर तरी असतील."

हवालदारांनी बॅटरी लावून आत बघितलं. "नाही हो, एवढेच. बाकी आतून लख्ख आहे, तेल दिलेलं. कुणीतरी दरवर्षी साफ करत होतं. यंदाच राहिलेलं दिसतंय."

यंदा रविवारच्या आधीच हे गेले होते. चौदा वर्षं दार लावून माझे तांदूळ वेचत बसले, आणि "यावर अक्षता टाकू नकोस" असं एकदासुद्धा म्हणाले नाहीत. मीच आपली खेळणं, खेळणं म्हणून चारचौघांत हसत राहिले.

हवालदार पावती लिहायला बसले. "मॅगझिनची स्थिती काय लिहू?"

"चांगली निगा राखलेली," मी म्हटलं.

"तसं लिहिता येत नाही, बाई. चालू नाहीतर बंद."

"मग चालू लिहा," म्हटलं, आणि हे गेल्यापासून आलं नव्हतं ते रडू तिथल्या बाकावर आलं.