मागच्या सीटवरच्या गोण्या

वडिलांच्या जुन्या मोटारीत मी नवं, फ्युएल इंजेक्शनचं इंजिन बसवलं आणि त्या दिवसापासून त्यांनी तिच्यात पाय ठेवला नाही. "ही माझी गाडी नाही," एवढंच म्हणाले. शिवाय ती चढावर धापा टाकायची. पुण्यातल्या दोन गॅरेजांनी हात टेकले, तेव्हा मंचरच्या मार्केटमागे एका मेकॅनिककडे गेलो.

त्याने बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "भाऊ, मागं कोण बसतं?"

"आई-वडील बसायचे."

त्याने शेजारच्या आडत्याकडून कांद्याच्या दोन गोण्या आणून मागे ठेवल्या. एक कलंडली, तर म्हाताऱ्या माणसाला टेकवावं तशी तिला नीट टेकवून बसवली.

पेठच्या घाटात गाडी मी चालवत होतो. तो इंजिनाला जोडलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन, डॅशबोर्डवर तळहात टेकून, डोळे मिटून बसला होता. इंजिन अडखळलं की डोळे उघडायचा, पेट्रोलचा एखादा आकडा बदलायचा, पुन्हा मिटायचा.

"रिकाम्या गाडीचं ट्युनिंग लई सोपं," तो म्हणाला. "पण गाडी काय रिकामी फिरवायला घेतो व्हय आपण?"

पाचव्या खेपेला गाडी एका दमात घाट चढली. त्याने गोण्या उतरवल्या. "आता माणसं बसवा."

घरी मी वडिलांना सगळं सांगितलं. सकाळी पाहतो तर ते मागच्या सीटवर बसून कांद्याची सालं एकेक वेचत होते.

"काय घाण केलीस रे माझ्या गाडीत!"