कादंबरीच हाय ती

"बाई, तुम्ही कधी इंजिन चालवलंय का?"

शिरूरच्या कॉलेजात, भरल्या सभागृहात, मराठीच्या सरांनी माझ्या आईला इचारलं. पोरं फिस्सकन हसली. आई पहिल्या रांगेत होती. कडक इस्त्रीची पांढरी साडी, मांडीवर पर्स. जन्मभर दौंडच्या शाळेत शिकवलं तिनं, आन् तवा पाढा चुकलेल्या पोरीसारखी उभी राहिली.

"नाही सर."

"मग हे सगळं आणलं कुठून?"

"मनातून."

परत हशा.

कार्यक्रम होता विसरल्या गेलेल्या बायकांच्या कादंबऱ्यांचा. आईची एकुलती एक कादंबरी कॉलेजवाल्यांना लायब्ररीच्या रद्दीत घावली होती. मी पाळण्यात होते तवा तिनं ती लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये छापून घेतली होती. कुणी वाचली न्हाई. नायिका सगुणा, आमच्याच वस्तीतली जयभीमवाली पोरगी. मालगाडीचं इंजिन चालवते. गार्डाशी कचाकचा भांडते आन् मग त्याच्याच प्रेमात पडते. आई मला वाचून दाखवायची आन् स्वतःच खो खो हसायची. कॉलेजातनं फोन आला तवा तिनं अख्ख्या आळीत पेढे वाटले. "मला कादंबरीकार म्हणाले गं," हेच सारखं.

आन् हितं सर सांगत होते, "याला कादंबरी म्हणणं अवघड आहे. तुमच्या लेखनाची ताकद अनुभवात असते. कल्पनेत नाही."

तुमच्या. म्हंजी कुणाच्या, ते न सांगता सगळ्यांना कळलं.

आईच्या आधी बोललेल्या बाईंच्या कादंबरीत खून होता. त्यांना कुणी इचारलं न्हाई, खून तुम्ही केला होता का. त्यांची कल्पनाशक्ती म्हणे अफाट.

"त्यापेक्षा लहानपणी जे सोसलं ते सांगा," सर म्हणाले. "मुलांना उपयोग होईल."

आईनं माझ्याकडं बघितलं. मग सांगितलं. विहिरीपाशी कळशी घेऊन ताटकळणारी ती. कुणीतरी वरनं पाणी ओततंय, आन् मुद्दाम कळशीच्या बाहेर सांडतंय. हे तिनं मलासुदिक कवा सांगितलं नव्हतं. टाळ्या कडाडल्या. सर डोळे पुसत म्हणाले, "हे लिहा बाई. हे खरं."



दौंडला परतताना एसटीत न्हावरे गाव आलं. आई म्हणाली, "तेच लिहायला पाहिजे होतं का गं मी?"

मी तिकिटाच्या घड्या घालत बसले.  घरी आल्यावर तिनं पुस्तक कपाटात चादरींखाली सारलं. परत हातात धरलं न्हाई. त्याच हिवाळ्यात आई गेली.

सर भेटायला आले. म्हणाले, पुस्तक पुन्हा छापू. इंजिनाची प्रकरणं गाळू, त्या दिवशीचं भाषण पुढं घालू, कव्हरवर आत्मकथन लिहू. माणूस वाईट न्हाई. बोलताना डोळे भरले होते त्यांचे. त्यानंच मी जास्त पेटले.

मी सणसवाडीत कंपनीत कामाला हाय. साहेब ओरडला की मान खाली घालून "व्हय सर" म्हणायची सवय. तेच जिभेवर आलं होतं. पण आईचं ते "मनातून" कानातनं जाईना.

"न्हाई सर," मी म्हणाले. "माझी आई कादंबरीकार होती."

"अहो, पण त्यांचं दुःख—"

"दुःख तिनं तुम्हाला दिलं. टाळ्या वाजवून घेतलं तुम्ही. आता तिचं हसणं गाळू देणार न्हाई."

सर चहा तसाच ठेवून गेले. मी दार लावलं आन् चादरींखालचं पुस्तक काढून पोटाशी धरून रडले. लई रडले.

आता सुट्टीच्या दिवशी मोबाईलवर एकेक पान टाईप करते. सगुणाची मालगाडी आत्ताशी दौंडातनं सुटलीय. एक शब्द गाळणार न्हाई. कव्हरवर आईच्या नावाखाली ठळक अक्षरांत लिहिणार, कादंबरी. कुणी इचारलं, हे खरं घडलं का, तर तोंडावर सांगणार. न्हाई घडलं. तुम्ही घडू दिलं न्हाई. म्हणून आईला ते मनातनं आणावं लागलं.