आईचं नाक, साहेबाचं घड्याळ

आज लेकीने चहा पुढे ठेवला आणि त्या वासाने माझं डोकं पुन्हा तापलं. माझ्या लहानपणीची गोष्ट. आम्ही कोकणातून समुद्रापलीकडच्या मोरस बेटावर नुकतेच आलो होतो. तिथल्या मोंतान्य ब्लांश गावाजवळ एका साहेबाने थोडा चहा लावला होता. सुकून मऊ पडलेली पानं आई तळव्यांनी चोळायची आणि ओल्या गोणपाटाखाली तांबूस व्हायला ठेवायची.

भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत साहेब म्हणाला, "दोन तास झाले. भट्टीवर टाका."

आईने गोणपाट उचलून हुंगलं. गावी अढीतला आंबा ती असाच ओळखायची. "अजून गवताचा वास येतोय, साहेब. पिकल्या फळासारखा सुटू दे."

"तुला काय कळतं?"

चहा कच्चा निघाला. आणि दोष कुणाला? आईच्या तेलकट हातांना!

पुढच्या खेपेला दोन तास भरत आले असताना साहेब जेवायला गेला, तशी आईने घड्याळाचा लंबक बोटाने थांबवला आणि वास सुटल्यावर पुन्हा हलवला. त्या दिवशीचा चहा पिऊन पाहुणे खूश झाले, तेव्हा या गृहस्थाने ऐटीत घड्याळाकडे बोट दाखवलं!

दारात उभ्या असलेल्या आईने तो चहा नुसता हुंगला. प्यायला तिला कुणी दिलाच नाही.