मास्तरांचे केस आणि बारा घरांचा उपास

माझ्या नवऱ्याच्या जिवासाठी बारा घरांनी कडक उपास धरला, त्या दुपारी माझा नवरा मागच्या खोलीत आमरसाबरोबर सहावी पोळी खात होता.

उपास धरणाऱ्यांचा यात काही दोष नाही. नवऱ्याचाही नाही; भूक काही कोणाच्या हातात नसते. दोष माझा आणि माझ्या कात्रीचा. त्यातही कात्रीचा कमी.

आमचं गाव खामगाव तालुक्यातलं. गावात आम्हा ख्रिस्ती लोकांची आमचं धरून तेरा घरं, आणि चाळीस माणसं दाटीवाटीनं बसतील एवढं देऊळ, म्हणजे आमचं चर्च. पहिल्या लॉकडाऊनमध्ये देवळाला कुलूप लागलं, तेव्हा आमच्या पाद्रींनी, म्हणजे पाळकसाहेबांनी, एका रविवारी मोबाइलवर व्हिडिओ उपासना घेऊन पाहिली. सहा घरांत साधे बटणांचे फोन, ती घरं बाहेरच राहिली. उरलेल्यांपैकी दोघांचा नुसता पंखा दिसत होता, आणि एकीच्या गोठ्यातली म्हैस पूर्ण उपदेश होईपर्यंत कॅमेऱ्यासमोर रवंथ करत होती. (इतकं लक्ष देऊन ऐकणारं आमच्या मंडळीत दुसरं कोणी नाही, असं पाळकसाहेब नंतर म्हणाले.)

मग फोनची साखळी ठरली. कल्पना माझी! (तेव्हा मी हे सगळ्यांना सांगत सुटले होते. आता कोणी विचारलं तरच सांगते.) दुपारी चार वाजता पाळकसाहेब मला फोन करून त्या दिवशीचे प्रार्थनेचे विषय सांगणार. मी त्यात आमच्या घरचा विषय घालून रूथवहिनीला सांगणार, रूथवहिनी पुढच्या घरी, ते त्याच्या पुढच्या घरी. शेवटचं घर सरूआत्याचं. तिनं सगळे विषय पाळकसाहेबांना परत सांगायचे, की साखळी पूर्ण. मग सात वाजता तेराही घरांत एकाच वेळी गुडघे टेकायचे.

आणि खरंच सांगते, त्या साखळीनं आम्हाला धरून ठेवलं होतं. पंधरवड्यापूर्वीच मंडळीतल्या एका आजोबांना आम्ही जेमतेम पाच माणसांत माती दिली होती. बाकीच्यांना आपापल्या दारात उभं राहून रडावं लागलं. त्यानंतर सात वाजले की वाटायचं, चला, आपण एकटे नाही. सरूआत्या तर तीनपासूनच फोन मांडीवर घेऊन बसायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी. सगळी हयात मिशनच्या दवाखान्यात आजाऱ्यांची सेवा करण्यात गेलेली. दिवसभरात तिला येणारा तो एकच फोन.

आता केसांचं.

आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं, मीही म्हणते. साधा माणूस, पण डोक्यावरच्या केसांचा भारी गर्व! काळेभोर, दाट, आणि वरच्या खिशात कायम कंगवा. त्या मे महिन्यातल्या एका रविवारी आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होणार होती. पाळकसाहेब फोनवरून आशीर्वाद देणार, माझ्या माहेरची मंडळी व्हिडिओवर बघणार. आणि कटिंगची दुकानं दोन महिने बंद! मास्तरांचे केस कॉलर ओलांडून पाठीच्या वाटेला लागले होते.

"मीच कापून देते," मी म्हटलं.

"तुले येते?"

"पंचवीस वर्षं झाली, शिवणक्लास चालवून राह्यली. ब्लाउज कापता येते, त्याच्यापुढं डोकं काय? डोक्याले बाह्या नसतात!"

मास्तरांना हे पटलं. (पंचवीस वर्षांत माझं म्हणणं त्यांना पहिल्याच झटक्यात पटलं, असं तेव्हा एकदाच झालं.)

शिवणाऱ्या बाईला एक खोड असते. उजवी बाजू जरा कमी झाली, की डावी तिच्या मापानं घ्यायची. मग डावी जास्त गेली, की उजवी. असं करत करत मी दोन्ही बाजूंनी वर चढत गेले, आणि शेवटी मधोमध एक झुबका राहिला, कापणीत सुटलेल्या ज्वारीच्या धांड्यासारखा! तोही काढून टाकावा म्हणून दाढीचं ब्लेड घेतलं, तर हात घसरला. रक्त आलं. मी घाबरून मूठभर हळद दाबली.

"आरसा दे," मास्तर म्हणाले.

"राहू द्या ना आता."

त्यांनी आरसा स्वतःच आणला. बराच वेळ पाहिला. मग एवढंच म्हणाले, "पंचवीस वर्षं!" आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून मागच्या खोलीत गेले. दार बंद.

हे बुधवारी झालं. त्यानंतर माझ्याशी एक शब्द नाही. मी दाराशी ताट ठेवायची. दार फटीएवढं उघडायचं, ताट आत जायचं, आणि थोड्या वेळानं चाटूनपुसून बाहेर यायचं. अबोला माझ्याशी होता, स्वयंपाकाशी नाही!

शुक्रवारी चारला पाळकसाहेबांचा फोन आला. त्यांना मी काही बोलले नाही. पण रूथवहिनीला फोन लावला आणि माझा धीर सुटला.

"वहिनी, माह्यासाठी बी प्रार्थना करजा."

"काऊन? काय झालं?"

नवऱ्याचं डोकं मीच भादरलं आणि तो माझं तोंड पाहत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मी आवाज बारीक केला.

"काय सांगू वहिनी, घरात केसाचा लय मोठा घोटाळा झाला. तीन दिवस झाले, मास्तर खोलीतून बाहेर येऊन नाही राह्यले. ताट दाराशी ठेवा लागते."

पलीकडे रूथवहिनीचा आवाज एकदम खाली आला.

"केस? तुमच्या घरी?"

"हाव. अन् कोनाले सांगू नका बरं."

(प्रार्थनेच्या साखळीत बोलून वर 'कोणाला सांगू नका' म्हणणारी जगात मी एकटीच असेन.)

त्या दिवसांत 'केस' या शब्दाचा डोक्याशी काही संबंध उरला नव्हता. अमक्या गावात केस निघाली, तमक्या गल्लीत दोन निघाल्या, सकाळ-संध्याकाळ हेच कानावर. आणि मी, सगळ्यांत हुशार बाई, नेमकं हेच विसरले!

पुढचं मला मागाहून कळलं. रूथवहिनीनं सांगितलं, मास्तरांना कोरोना झालाय. तिसऱ्या घरी त्यांना दम लागला. सहाव्या घरी ऑक्सिजन लागला. नवव्या घरी डॉक्टरांनी हात टेकले. सरूआत्यापर्यंत निरोप पोचला तेव्हा मास्तरांच्या शेवटच्या घटका चालू होत्या. तिनं रडत पाळकसाहेबांना कळवलं. त्यांनी लगेच मला फोन लावला, तर माझा फोन बंद! संध्याकाळच्या वादळात आमच्या बाजूचा विजेचा खांब पडला होता, लाईट गेली होती आणि मोबाइलची बॅटरी संपली होती. पण त्या दिवसांत बंद फोनचा अर्थ लोक एकच लावायचे. पाळकसाहेबांनी साखळीवरून निरोप फिरवला: उद्याचा दिवस मास्तरांसाठी उपास.

आणि मला यातलं काही माहीत नाही!

शनिवारी सकाळी फाटक उघडलं, तर ओट्याखाली डबे. एकात खिचडी, एकात शिरा, पिशवीभर लिंबं, काढ्याची बाटली, डझनभर केळी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांच्या लक्षात आहे की उद्या आमच्या लग्नाचा वाढदिवस! (काढा कशाला, असं एकदा मनात आलं. पण आमच्या वयाकडे पाहून दिला असेल.)

तेवढ्यात दूधवाला गजानन आला. नेहमी दारापर्यंत येणारा माणूस, रस्त्यापलीकडे उभा! म्हणाला, "भांडं तिथंच ठेवा वहिनी, अन् मागं सरका." मग दूध ओतता ओतता त्याचा आवाज भरून आला.

"मास्तरनं मले पाढे शिकवले, वहिनी. लय देवमानूस."

"हाव रे गजानन," मी म्हटलं. "पंचवीस वर्षं झाली."

"तेवढाच जोग असते मानसाचा."

"असं काऊन म्हनतं? अजून पंचवीस काढू!"

गजाननानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. दूध ओतून झालं तसा निघून गेला.

ऊन चढल्यावर, मास्तरांचं ताट आत गेल्यानंतर, फाटक वाजलं. पाहते तर सरूआत्या! गावाच्या पार दुसऱ्या टोकाहून भर उन्हात चालत आलेली. तोंडाला पदर, काखेत पिशवी, आणि कडी काढण्याची खटपट चाललेली.

"उघड बाई लवकर. मी बसतो त्याच्यापाशी."

"कोनापाशी, आत्या?"

"मास्तरपाशी. तू दूर राय, तुले अजून दिवस काढाचे आहेत. माह्यं काय, अठ्ठ्याहत्तर झाले. लागला रोग तर लागला. मानसानं एकटं नाही जावं, पोरी. मी लय पाह्यले तसे."

पिशवीत तिची दोन लुगडी, पवित्र शास्त्र आणि ताप पाहायची जुनी नळी होती.

"पन मास्तरले झालं काय?"

"काय झालं काय? केस निघाली ना तुह्या घरी!"

घरात लाईट नव्हती, तरी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! खिचडी, काढा, गजानन, सगळं एकदम समजलं. सगळा गाव दोन हात लांब पळत होता आणि ही म्हातारी पिशवी घेऊन मरायच्या तयारीनं आली होती. कशासाठी? तर मला लाज वाटली म्हणून मी अर्धंच बोलले, त्यासाठी!

मी खुलासा करणार, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आमच्या गावची आरोग्यसेविका, आशाताई प्रज्ञा दिसली. अंगात प्लास्टिकचा झगा, हातात ताप मोजायची बंदूक, आणि मागे ग्रामपंचायतीची दोन माणसं बांबू घेऊन. गल्ली बंद करायला! आमच्या गल्लीत आठ घरं, बहुतेक रोजच्या कामावर जाणारी. गल्ली बंद म्हणजे आठ चुली बंद. सगळे गच्चीवर आणि दारात येऊन उभे राहिले होते, आणि कोणी मला शिव्याही देत नव्हतं. ते जास्त लागलं.

"थांबा!" मी ओरडले. "कोनाले काही झालं नाही! केस म्हनजे केस!"

"तेच म्हनून राह्यलो आमी, वहिनी," प्रज्ञा समजुतीनं म्हणाली.

"तशी केस नाही वं! डोक्यावरचे! कापले! मी!"

"धसका घेतला यायनं," गच्चीवरून कोणीतरी हळहळलं.

"वहिनी, शांत व्हा. मास्तरले बाहेर बोलवा."

हाक मारायची गरज पडली नाही. मागचं दार उघडलं. हातातली सहावी पोळी तशीच धरून मास्तर ओट्यावर आले. डोक्याला टॉवेल, तीन दिवसांची दाढी. हुबेहूब पेशंट! गल्ली चार पावलं मागे सरकली. मास्तरांनी बांबू पाहिले, लोकांचे उतरलेले चेहरे पाहिले, सरूआत्याची पिशवी पाहिली. मग त्यांनी सगळ्या गल्लीसमोर टॉवेल सोडला.

उन्हात डोकं चकाकलं. मधोमध हळदीचा पिवळा ठिपका.

"हे पाहा," मास्तर म्हणाले. "हिनं कापले."

तीन दिवसांतलं त्यांचं हे पहिलं वाक्य!

प्रज्ञानं बंदूक रोखली, पण कपाळ कुठं संपतं तेच तिला समजेना. शेवटी कुठंतरी मारली.

"ताप नाही," ती गंभीरपणे म्हणाली. मग बोटाला चिमटा लावला. "ऑक्सिजन बी बराबर. डोकं सोडून सगळं बराबर आहे."

पहिली हसली ती सरूआत्या. हसता हसता फाटकाला धरून खाली बसली आणि मग रडायलाच लागली. मास्तर पोळी बाजूला ठेवून तिच्याजवळ जाऊन बसले. बांबू आले तसे परत गेले.

मग प्रज्ञाच्या फोनवरून मी बाकीच्या अकराही घरी माफी मागितली. साखळीनं नाही, एकेकाला स्वतः! (साखळीनं पाठवली असती, तर संध्याकाळपर्यंत माझीच माती ठरली असती.) रूथवहिनी फणकारली, "तुमीच म्हनल्या केस!" गेलेल्या आजोबांच्या घरून आजी एवढंच म्हणाल्या, "आहे ना जिवंत? बस्स." पाळकसाहेबांनी सगळं ऐकलं, आणि पलीकडून विचित्र आवाज यायला लागला. मला वाटलं रडताहेत. हसत होते. आजोबांच्या मातीनंतर पहिल्यांदाच.

डबे आम्ही ज्याचे त्याला उपास सोडायला परत पाठवले. (शिऱ्याचा डबा रिकामा गेला. त्याबद्दल मास्तरांना विचारा.) रात्री मास्तर पाटावर येऊन बसले. म्हणाले, "बारा घरं उपाशी माह्यासाठी, अन् मी रुसून रस खाऊन राह्यलो. वाढ." एवढ्यात आमचं मिटलं.

सरूआत्याला आम्ही परत जाऊ दिलं नाही. लॉकडाऊन उठेपर्यंत इथंच राहा म्हटलं, तशी ती पिशवी ठेवून भाजी निवडायलाच बसली.

रविवारी लाईट आली. ज्यांच्याकडे बटणाचे फोन, त्यांना बाकीच्यांनी दुसऱ्या फोनवर घेऊन मोबाइलपुढे धरलं, आणि तेरा घरं एकत्र आली. मास्तर टक्कल घेऊन ताठ बसले होते. माहेरची मंडळी ओठ चावून होती. पाळकसाहेबांनी गंभीर आवाजात, पंचवीस वर्षांपूर्वीसारखंच मला विचारलं, "सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात, तू याची काळजी घेशील काय?"

मी तोंड उघडणार, तोच शेजारून सरूआत्या फोनवर वाकून ओरडली:

"घेईल, घेईल! पन दोन हात दुरून घे म्हना!"

आणि माझं 'हो' कोणाला ऐकू जायच्या आत बाकीच्या अकराही घरांतून एकदम आवाज आला, "आमेन!"